दिनविशेष : १२ एप्रिल २०१८
राहुल आवारे यांना राष्ट्रकुल सुवर्ण

गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम कुस्तीत राहुल आवारे यांनी कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशी यांना १५-७ असे हरवले. आवारे बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे. पण कारकीर्द घडली पुण्यात. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मल्ल घडवत. तेथे आवारे तयार झाले. गुरूंच्या निधनानंतर त्यांना लातूरचेच अर्जुनवीर काका पवार यांचे मार्गदर्शन लाभले. मराठवाड्याच्या मातीतला मल्ल पुण्याच्या मॅटवर उभा राहिला, तो असा. २०१९ मध्ये त्यांनी ६१ किलो गटात जागतिक कांस्यही मिळवले. ऑलिंपिकची संधी मात्र या गुणी मल्लाला मिळाली नाही. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.