मलाजखंडची पिढी आणि ऑपरेशनआधीचा प्रश्न

बालाघाटहून बैहर मागे टाकून मैकलच्या डोंगरांत शिरलं की मलाजखंड येतं. १९८२ साली हिंदुस्तान कॉपरची उघडी खाण इथे सुरू झाली आणि तांब्याच्या डोंगराचा बघता बघता पायऱ्यापायऱ्यांचा प्रचंड खड्डा झाला. शेजारी वसाहत उभी राहिली. जंगलाच्या कडेला नोकरी, पगारपत्रक आणि पेन्शन असे शब्द आले. त्या वर्षी पंचविशीत कामाला लागलेला माणूस आज सत्तरीच्या आसपास आहे.

नेमक्या याच वयात पुरुषांना प्रोस्टेटचा कर्करोग गाठतो. मराठीत या ग्रंथीला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली, आक्रोडाएवढी. या कर्करोगाचा सगळ्यात मोठा धोका वाढत्या वयाचा. खाणीवर त्याचं खापर फोडायचं कारण नाही. पण जी पिढी एकाच वेळी कामाला लागली, ती एकाच वेळी या वयाला पोचते आहे, आणि निदान झालं की बहुतेकांच्या वाटेवर नागपूर येतं. दोनशे किलोमीटरांहून जास्त अंतर. ही वाट जुनीच आहे. भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला, तेव्हापासून त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या भाषावार रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सरकारी कागद भोपाळकडे वळले, तरी लग्नाची खरेदी आणि मोठं दुखणं गोंदिया-नागपूरकडेच जात राहिलं.

नागपुरात मानेवाडा रस्त्यावरच्या कॅन्सर हॉस्पिटलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांचं १९६८ साली कर्करोगानेच निधन झालं. उपचार करून माणूस परत येतो तेव्हा घरचे विचारतात, भूक लागते का, लघवी नीट होते का, पुढची तारीख कधीची. एक गोष्ट कोणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. लिंगाला ताठरता येईनाशी झालेली असते. नातवंडं खेळवायच्या वयात हे कुठे बोलायचं, असं त्यालाही वाटतं आणि बायकोलाही. डॉक्टरांच्या दारात रांग असते, त्यामुळे तिथेही विषय निघत नाही.

हे न बोलणं आपल्याकडे पूर्वापार आहे, असं समजायची चूक मात्र करू नये.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मुतखड्याच्या शस्त्रक्रियेचा अध्याय आहे. रुग्णाला कसं धरायचं, बोटाने खडा खाली कसा आणायचा, छेद कुठे घ्यायचा हे त्यात पायरीपायरीने येतं. त्यानंतर येते सावधगिरीची यादी. आठ जागा सांगितल्या आहेत, त्यांना शस्त्राचा धक्का लागू द्यायचा नाही. शुक्र वाहून नेणारी वाट कापली तर मृत्यू किंवा क्लैब्य. वृषणाकडचे मार्ग दुखावले तर ध्वजभंग, म्हणजे लिंगाला ताठरता न येणं. मूत्रमार्ग दुखावला तर लघवी ठिबकत राहणं. आजच्या प्रोस्टेट ऑपरेशनच्या संमतीपत्रावर ज्या दोन तक्रारी छापलेल्या असतात, ताठरता जाणं आणि लघवीवरचा ताबा सुटणं, त्या दोन्ही इथे एका अध्यायात शेजारी शेजारी आहेत. पुढे वाजीकरणाच्या अध्यायात सुश्रुत क्लैब्याचे प्रकार मोजतो आणि त्यात मर्मच्छेदाने आलेलं क्लैब्य वेगळं ठेवतो. म्हणजे मनामुळे आलेलं वेगळं, जन्मजात वेगळं आणि शस्त्राने आलेलं वेगळं.

हा भेद फार मोलाचा होता. तो पुस्तकात राहिला आणि लोकांच्या तोंडी एकच शब्द उरला. ‘षंढ’ ही शिवी झाली. मग कारण कोणतंही असो, मधुमेह असो, भीती असो, डॉक्टरांची कात्री असो, माणूस त्या एका शिवीखाली येऊ लागला. शिवी ऐकायची नसेल तर गप्प बसायचं.

खेड्यात आणखी एक शब्द आहे, खच्ची करणे. शेतकऱ्याला तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. बैल नांगराला जुंपायचा तर आधी त्याला खच्ची करतात. १९४१ मध्ये शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की प्रोस्टेटचा पसरलेला कर्करोग पुरुषी हार्मोनवर वाढतो आणि अंडकोष काढले की तो मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. तेच काम आता इंजेक्शनांनीही होतं, पण ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात आणि महाग पडतात. ऑपरेशन एकदाच, स्वस्तात होतं. म्हणून आपल्याकडे आजही कितीतरी रुग्णांवर ते केलं जातं. डॉक्टर ‘ऑर्किडेक्टमी’ म्हणतात. गावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे बैल उभा राहतो. ही लाज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या उपचाराने जीव लांबतो हे खरं, आणि त्याने कामेच्छाच मावळते हेही तितकंच खरं. प्रोस्टेट काढण्याच्या ऑपरेशननंतर मात्र इच्छा शाबूत असते, शरीर साथ देत नाही. दोन्ही दुःखं वेगळी आहेत, त्यांचे उपायही वेगळे आहेत. रुग्णाला आपलं दुःख यातलं कोणतं, एवढंही अनेकदा सांगितलेलं नसतं.

मराठीत या गप्पपणाला पहिलं खिंडार पाडलं ते रघुनाथ धोंडो कर्व्यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू झालं. त्यात वाचकांच्या खासगी प्रश्नांना उत्तरं छापली जात. सरळ प्रश्न, तितकंच सरळ उत्तर, उपदेश नाही. १९३४ मध्ये याच प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. कर्वे हरले, दोनशे रुपये दंड झाला. तरी मासिक त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चाललं. मराठी माणसाने या माणसाचं देणं अजून फेडलेलं नाही.

कर्वे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९५४ मध्ये, केंद्राने आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना बंदी घालणारा कायदा केला. ज्या रोगांवर रामबाण उपाय असल्याची जाहिरात करता येत नाही त्यांची यादी त्याला जोडलेली आहे. त्या यादीत कर्करोग आहे आणि नपुंसकत्वही आहे. कायदा होऊन सत्तर वर्षं झाली. रुळांकडेच्या भिंतींवर ‘मर्दानी कमजोरी’ आणि ‘गुप्तरोग’ अजून रंगवलेले दिसतात, आठवडी बाजारात जडीबुटीचे तंबू अजून पडतात. प्रोस्टेटच्या ऑपरेशनने नस दुखावलेली असते; तिला शिलाजित काय करणार? पण तंबूतला माणूस एक गोष्ट करतो जी दवाखान्यात होत नाही. तो विचारतो. लोक तिथे का जातात, याचं उत्तर एवढंच आहे.

नस दुखावते म्हणजे काय, हे आधुनिक वैद्यकालाही फार उशिरा कळलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू यंग यांनी कर्करोगासाठी संपूर्ण प्रोस्टेट काढण्याचं ऑपरेशन १९०४ मध्ये केलं. त्यानंतर पाऊणशे वर्षं समजूत अशी की ताठरतेच्या नसा ग्रंथीतूनच जातात, तेव्हा ग्रंथी काढली की त्या जाणारच. १९८१ च्या फेब्रुवारीत त्याच हॉस्पिटलचे पॅट्रिक वॉल्श नेदरलँड्समधल्या लायडेन गावी गेले होते. तिथे पीटर डोंकर हे निवृत्त प्राध्यापक मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शवांवर मूत्राशयाच्या नसा शोधत बसलेले. प्रौढ शरीरात त्या चरबी आणि तंतूंत हरवतात, अर्भकात स्पष्ट दिसतात. वॉल्श यांनी विचारलं, लिंगाकडे जाणाऱ्या नसा कुठून जातात? डोंकर यांनी त्या कधी शोधल्याच नव्हत्या. दोघे मिळून शोधायला बसले आणि काही तासांत दिसलं की त्या ग्रंथीच्या आतून जातच नाहीत. त्या बाहेरून, दोन्ही कुशींना चिकटून, रक्तवाहिन्यांच्या सोबतीने खाली उतरतात. दोऱ्यासारख्या बारीक. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी त्या जाणूनबुजून वाचवून पहिलं ऑपरेशन केलं. वर्षभरात त्या रुग्णाची ताठरता परत आली.

मलाजखंडची खाण सुरू झाली तेच हे वर्ष. त्या पिढीच्या कामाच्या पहिल्या वर्षीच, जगाच्या दुसऱ्या टोकाला, तिच्या म्हातारपणासाठी एक वाट शोधली गेली होती.

नसा वाचवल्या तरी त्या ताणल्या जातात, सुन्न पडतात, आणि जाग यायला काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो. गाठ नसांपर्यंत पोचली असेल तर त्या सोडता येत नाहीत. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांना घेऊन झालेल्या मोठ्या अभ्यासाचे आकडे २०१६ मध्ये आले. उपचाराआधी ६७ टक्के पुरुषांना संभोगापुरती ताठरता होती. सहा महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांत ती १२ टक्क्यांना उरली, रेडिएशन घेतलेल्यांत २२ टक्क्यांना, आणि नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ५२ टक्क्यांना. सहा वर्षांनी हेच आकडे १७, २७ आणि ३० झाले. वयानेही ताठरता घटते, हे शेवटच्या आकड्यात दिसतं. हे आकडे रुग्णाला घाबरवण्यासाठी नाहीत. ज्याला आधी कळलेलं असतं, त्याला नंतर फसवलं गेल्यासारखं वाटत नाही.

आणखी एक गोष्ट आधी सांगायलाच हवी. प्रोस्टेट काढली की वीर्य बाहेर येत नाही. उत्कर्षबिंदू मात्र येऊ शकतो, ताठरता नसतानाही. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो असं ऐकत वाढलेल्या माणसाला हा कोरडेपणा केवढा हादरवत असेल! डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या वीर्यभयाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. दोन वाक्यांचा खुलासा दिला तर ही भीती पुष्कळ ओसरते.

उपाय गेल्या पन्नासेक वर्षांतले आहेत. १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी फुगवता येणारं इम्प्लांट बसवलं. १९८३ मध्ये लास व्हेगासच्या परिषदेत जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी स्वतःच्या लिंगात इंजेक्शन घेऊन त्याचा परिणाम भरसभेत सिद्ध केला, आणि ताठरता ही फक्त मनाची गोष्ट नाही हे डॉक्टरांना मान्य करावं लागलं. १९९८ मध्ये सिल्डेनाफिल आलं. २००१ पासून भारतीय कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या आणि किंमत आवाक्यात आली. पण ही गोळी नसेच्या संदेशावर काम करते. नस सुन्न असेल तोवर ती फसते आणि माणूस समजतो, आपलं सगळंच संपलं. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची औषधं घेणाऱ्याने तर ती घेऊच नये. रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं.

गोळी चालली नाही तर पंप आहे. प्लास्टिकची नळी, तिला हाताने चालवायचा पंप, मुळाशी बसवायची रबरी कडी. हवा काढली की रक्त आत खेचलं जातं, कडी ते धरून ठेवते, आणि अर्ध्या तासाच्या आत ती काढायची. पहिल्या काही वेळा नवरा-बायको दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, पण सरावाने जमतं. त्यापुढे इंजेक्शन, आणि सगळं हरलं तर इम्प्लांट. परदेशी इम्प्लांट लाखांच्या घरात जातं. मुंबईच्या डॉ. रूपिन शहा यांनी साधं, अर्धताठर, देशी इम्प्लांट तयार केलं ते अशाच रुग्णांसाठी. हार्मोन बंद केलेल्या रुग्णाला मात्र ही साधनं अपुरी पडतात. त्याच्या घरात स्पर्श, जवळीक आणि मोकळं बोलणं यांवरच संसार नव्याने मांडावा लागतो.

तेव्हा मलाजखंडहून नागपूरला निघताना फाइल, रिपोर्ट आणि आधार कार्डाबरोबर एक चिठ्ठीही खिशात असू द्या. तिच्यावर चार प्रश्न लिहा. माझ्या नसा वाचतील का? ताठरता गेली तर किती दिवस वाट पाहायची? मला हृदयाची औषधं आहेत, गोळी चालेल का? आणि त्यासाठी नंतर कोणाला भेटायचं? तपासणीच्या खोलीत जाताना बायकोला बाकावर बसवून ठेवू नका, तिलाही आत न्या, आणि ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी ही चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवा.