दस्तऐवज-प्रतिमांचे संक्षेपण

दस्तऐवज-प्रतिमांचे संक्षेपण : छापील वा हस्तलिखित पृष्ठाच्या अंकीय प्रतिमेने संगणकाच्या स्मृतीत व्यापलेली जागा कमी करण्याच्या प्रक्रियेस ही संज्ञा लावतात. ए-४ आकाराच्या रंगीत पृष्ठाची प्रतिमा दर इंचास ३०० बिंदू या विभेदनाने घेतल्यास सु. ८७ लाख चित्रबिंदू मिळतात. प्रत्येक बिंदूस ३ बाइट या हिशेबाने ती सु. २६ मेगाबाइटची होते. १९९८ च्या सुमारास प्रचारात आलेल्या, सेकंदास ५६ हजार बिट वाहणाऱ्या मोडेममधून असे एक पृष्ठ उतरवून घेण्यास सु. एक तास आणि शंभर पृष्ठांच्या ग्रंथास चार दिवसांहून अधिक काळ लागला असता. सचित्र ग्रंथ दूरच्या वाचकापर्यंत पोहोचविण्यातील मुख्य अडचण हीच होती.

संक्षेपणाचे दोन प्रकार आहेत. हानिरहित संक्षेपणात मूळ प्रतिमा जशीच्या तशी परत मिळते. हानियुक्त संक्षेपणात डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील कायमचा गाळला जातो. पहिल्या प्रकारास क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील माहिती-सिद्धांताने सैद्धांतिक बैठक मिळाली. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड व क्वचित येणाऱ्या चिन्हास लांब संकेत देण्याची डेव्हिड हफमन यांची पद्धती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. दस्तऐवजांसाठी तिचा व्यापक उपयोग प्रथम फॅक्स यंत्रांत झाला. १९८० च्या ‘गट ३’ मानकात ओळीतील सलग पांढऱ्या व काळ्या बिंदूंची संख्या मोजून तेवढीच संकेतरूपाने पाठवीत. त्यामुळे एक पृष्ठ सु. एका मिनिटात जाऊ लागले. १९८४ च्या ‘गट ४’ मानकाने प्रत्येक ओळीच्या तिच्या वरच्या ओळीशी असलेल्या साम्याचा पूर्ण लाभ घेतला.

छायाचित्रांना ही रीत उपयोगी पडत नाही, कारण त्यांत छटा सतत बदलत असतात. बंगलोर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये विविक्त कोज्या रूपांतर मांडले. १९९२ च्या ‘जेपेग’ मानकाचा हाच पाया होय. त्यात प्रतिमेचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकातील ठळक बदल अचूकपणे व सूक्ष्म बदल स्थूलपणे नोंदवितात. ही पद्धती छायाचित्रांस उत्तम असली, तरी अधिक संक्षेपण केल्यास अक्षरांच्या तीक्ष्ण कडांभोवती डागाळल्यासारखे ठिपके उमटतात.

मजकूर व चित्रे एकाच पृष्ठावर असतात, तेव्हा एकच पद्धती दोहोंना न्याय देऊ शकत नाही. यावर उपाय म्हणून अमेरिकेतील एटी अँड टी प्रयोगशाळेत यान लकून, लेओं बोतू, पॅट्रिक हाफनर प्रभृतींनी ‘देजाव्यू’ ही पद्धती सिद्ध केली (१९९८). तीत पृष्ठाचे थर वेगळे करतात : अक्षरांचा आकार इंचास ३०० बिंदूंनी, तर चित्रे व कागदाची पार्श्वभूमी १०० बिंदूंनी नोंदवितात. त्यामुळे रंगीत पृष्ठ सामान्यतः ४० ते ७० किलोबाइटमध्ये मावू लागले आणि पूर्वोक्त मोडेमवर ते सहा ते दहा सेकंदांत उतरू लागले. १९९३ मध्ये अडोबी कंपनीने प्रसृत केलेल्या ‘पीडीएफ’ स्वरूपातही पुढे ‘जेबिग २’ (२००१) व ‘जेपेग २०००’ (२००३) या संकेतनांचा समावेश झाल्याने थर-पद्धती त्यात सुलभ झाली.

‘जेबिग २’मध्ये सारख्या दिसणाऱ्या अक्षराकृतींपैकी एकच साठवून ती सर्वत्र वापरण्याची सोय आहे. तिचा धोका २०१३ मध्ये उघड झाला. झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांतून काढलेल्या प्रतींत आकडे बदलत असल्याचे जर्मन संगणकशास्त्रज्ञ डाव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिले. एका घराच्या नकाशात २१·११ चौ. मी. क्षेत्रफळाची खोली १४·१३ चौ. मी. झाली होती. कंपनीने नंतर यंत्रांची प्रणाली सुधारली. इतर पद्धतींतील हानी अस्पष्टतेच्या रूपाने दिसते व वाचक सावध होतो. येथे मात्र चुकीचा अंक स्वच्छ व रेखीव उमटतो. देवनागरीतील ब-व, घ-ध, ष-प यांसारख्या जोड्यांबाबतही, विशेषतः अक्षर बारीक असल्यास, असा संभ्रम संभवतो. मूळ कागद नष्ट करून केवळ प्रतिमाच जतन करावयाची असल्यास हे संकेतन वापरू नये, असे जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने आपल्या मार्गदर्शक सूत्रांत नमूद केले आहे.

म्हणूनच अभिलेखागारांत मूळ प्रतिमा असंक्षेपित वा हानिरहित स्वरूपात राखून वाचकांसाठी तिच्यापासून लहान प्रत वेगळी तयार करण्याचा प्रघात आहे. लहान प्रत पुन्हा करता येते. गाळलेला तपशील मात्र तिच्यातून परत मिळविता येत नाही.