चौदा कोटी आणि एक कोटी

परभाषा शिकणाऱ्यास शब्दकोश पुष्कळ दूरवर सोबत करतो. विनोदाच्या उंबरठ्यापाशी मात्र तो हात सोडतो. सणासुदीच्या कोट्यांपुढे तर त्याचे काहीच चालत नाही.

इंग्रजांच्या नाताळाचे उदाहरण घ्या. जेवणाच्या टेबलावर दोघांनी दोन टोके धरून ओढायचा कागदी फटाका लंडनच्या टॉम स्मिथ नावाच्या मिठाईवाल्याने १८४० नंतरच्या दशकात काढला. प्रथम त्याच्या मिठाईबरोबर प्रेमाच्या ओळींची चिठ्ठी असे. पुढे चिठ्ठीत कोट्या आल्या. अशी एक कोटी कल्पून पाहू : 'नाताळात गुरुजींना हजेरी घेणे का आवडते? प्रत्येक नावामागे एक प्रेझेंट मिळते म्हणून!' नाणेघाटाच्या पायथ्याशी, वैशाखऱ्यात शिकणाऱ्या मुलाला हजेरीचे 'प्रेझेंट' ठाऊक असते आणि लग्नातले 'प्रेझेंट'ही. तरी तो हसत नाही. कारण ते दोन अर्थ त्याच्या मनात दोन निराळ्या कोनाड्यांत ठेवलेले असतात. आणि न हसणारा मुलगा मंद, असा शिक्का मारायला आपण मोकळे!

वस्तुतः कोटीचे बाळकडू त्याला घरीच मिळालेले असते. दसऱ्याला आपट्याचे पान हाती देऊन आपण म्हणतो, 'सोने घ्या, सोन्यासारखे राहा.' पहिले सोने झाडाचे, दुसरे खाणीचे. मुलाला ते कोणी फोड करून सांगत नाही. या सोन्यामागे कौत्साची कथा सांगतात. कालिदासाच्या 'रघुवंशा'च्या पाचव्या सर्गात वरतंतूचा हा शिष्य चौदा विद्यांच्या गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे चौदा कोटी मागतो. आपट्याचे पान त्या कथेला जोडले ते लोकांनी. आणि 'कोटी' हा शब्दच पाहा : धनाची मोजदादही तीच, शब्दांची गंमतही तीच!

१९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून या परंपरेचा पाया घालणारे काशिनाथ रघुनाथ आजगावकर बंगाली भाषेवर इतके लुब्ध झाले, की त्यांनी 'मित्र' हे आडनावच घेतले. बंगालीत ते आडनाव, मराठीत स्नेही, संस्कृतात सूर्यसुद्धा. परभाषा अंगी मुरली, की एका शब्दात तीन घरे अशी सुखाने नांदतात.

तेव्हा इंग्रजी कोटी शिकवण्यापूर्वी मुलाकडून त्याच्या घरची एखादी ऐकावी आणि तीच इंग्रजीत सांगावयास लावावी. तो अडखळेल, दुसरा अर्थ वाटेत सांडेल. पण नेमका कुठे सांडला हे त्याला कळले, की परक्या कोटीतला दुसरा अर्थ कुठे शोधावा हेही कळेल. मग त्याला हसू आपोआप येईल.