४२.३४ मीटर

गेल्या शनिवारी हॅम रेडिओचं किट पाठीवर टाकून मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या पायथ्याशी गेलो होतो. किटमध्ये एकच अँटेना, २० मीटर बँडची. लांबची स्टेशनं मस्त यायची, पुणे-ठाणे मात्र गप्प. म्हणून अँटेनाच्या दोन्ही तारांना पाच-पाच मीटरचे तुकडे क्लिपने जोडले. झाला ४० मीटरचा बँड! कमी उंचीवर टांगलेल्या तारेतून ही लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनोस्फिअरवरून परतून डोंगरापलीकडे उतरते.

डायल फिरवता फिरवता ७.०८ मेगाहर्ट्झला हात थांबला. म्हणजेच ४२.३४ मीटर. १९४२ साली उषा मेहता आणि मंडळींचा काँग्रेस रेडिओ इथेच लागायचा! २७ ऑगस्टपासून मुंबईत जागा बदलत बदलत तो चालला. ट्रान्समीटर बनवणारा नरिमन प्रिंटर स्वतः हॅम. महायुद्ध लागल्यावर सरकारने हौशी परवाने बंद केले होते. पुढे पोलिसांना फितूर झाला तोही हाच. राग येतो, पण सेट त्यानेच बनवला होता, हेही खरं. १२ नोव्हेंबरला धाड पडली. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

त्याच दिवसांत या भागात भाई कोतवालांचा आझाद दस्ता विजेचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे कोतवाल आणि हिराजी पाटील इथे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. ही बातमी देशाला सांगू शकणारं स्टेशन तेव्हा सात आठवड्यांपूर्वीच बंद पडलं होतं.