भाईंदरचे मीठ आणि गळ्यातील ग्रंथी

विरारकडे जाणारी लोकल मीरा रोड सोडून भाईंदर गाठते, तेव्हा इमारतींच्या फटींतून अजूनही मिठागरांचे चौकोन दिसतात. भरतीचे पाणी बांधाआड घ्यायचे, उथळ आगरांत उन्हावर आटवायचे आणि तळाशी बसलेले मीठ ओढून ढीग लावायचे. या कष्टांवर इथल्या आगरी कुटुंबांच्या पिढ्या जगल्या. समाजाचे नावच 'आगर' या शब्दाशी जोडले जाते.

समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असते आणि त्यामुळे किनाऱ्यावर गलगंड होत नाही, अशी समजूत सर्वत्र आढळते. तिचा पहिला भाग चुकीचा आहे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर आयोडीन जेमतेम ६० मायक्रोग्रॅम. शिवाय मिठाचे स्फटिक धरताना त्यातले बरेचसे आयोडीन उरलेल्या पाण्यातच राहते आणि ते पाणी टाकून दिले जाते. प्रौढ माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम लागते. किनाऱ्यावरच्या माणसाला तारले ते मिठाने नव्हे, मासळीने.

गलगंडाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, पण त्याचे कारण उलगडायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार्ड कूर्त्वा यांना समुद्रशेवाळाच्या राखेतून आयोडीन सापडले. १८९५ मध्ये जर्मनीत ऑयगेन बाउमान यांना तेच मूलद्रव्य थायरॉइड ग्रंथीत आढळले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले. त्याच्या रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून ते टी-४. त्यातला एक अणू गळाला की अधिक प्रभावी टी-३ तयार होते. त्याचा शोध १९५२ चा.

या चौथ्या अणूचा हिशेब आजही डॉक्टरांना ठेवावा लागतो. पिट्यूटरी ग्रंथीच्या आजारामुळे ज्या प्रौढांना बाहेरून ग्रोथ हार्मोन द्यावे लागते, त्यांच्यात टी-४ चे टी-३ मध्ये रूपांतर वाढते. रक्तातील मुक्त टी-४ उतरते आणि आजवर झाकून राहिलेली थायरॉइडची उणीव काहींच्या बाबतीत उघडी पडते. म्हणूनच या उपचाराआधी आणि उपचार चालू असताना थायरॉइडची तपासणी होते.

भारतात मिठात आयोडीन मिसळण्याचा निर्णायक प्रयोग १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात सुरू झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले; दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, एकाला साधे. काही वर्षांत दोन भागांतील गलगंड निम्म्यावर किंवा त्याखाली आला, साध्या मिठाच्या भागात तो तसाच राहिला. दमट हवेत टिकावे म्हणून पोटॅशियम आयोडेट वापरण्यात येते, ही बाब भाईंदरसारख्या हवेत क्षुल्लक नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हिमालयापुरता नाही हे सर्वेक्षणांतून कळल्यावर १९८० च्या दशकात देशभरातले खाण्याचे सगळेच मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले.

इथून वाद पेटला. १९३० मध्ये शिरोड्याच्या सत्याग्रहींनी लाठ्या झेलल्या, त्या स्वतःचे मीठ स्वतः करण्याच्या हक्कासाठी. आता स्वतंत्र देशाचे सरकारच साधे मीठ खाण्यासाठी विकायला बंदी घालत होते. १९९७ च्या अधिसूचनेने बंदी आली, गांधीवादी आणि छोट्या उत्पादकांच्या विरोधानंतर २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये तो नियम अवैध ठरवला, परंतु फेरविचारासाठी सहा महिने तो चालू ठेवला. त्याच वर्षीच्या अन्नसुरक्षा विनियमांत बंदी कायम राहिली. दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे होते, तरी कांगड्याचे आकडे पाहता सरकारचा निर्णय चुकीचा म्हणणे अवघड आहे. त्याची किंमत लहान आगरवाल्याने अधिक मोजली, हेही तितकेच खरे.

आजच्या नियमानुसार ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन हवे. आगरातले कच्चे मीठ थेट ताटासाठी विकता येत नाही. आयोडीन मिसळणाऱ्या कारखान्यांना, इतर उद्योगांना, जनावरांसाठी आणि पदार्थ टिकवण्यासाठी मात्र ते विकता येते, आणि त्यात मासळी खारवणेही आले.