चेनसॉचा धूर : निदान

चेनसॉच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराचा रंग, वास आणि प्रमाण यांवरून बिघाड ओळखण्याची रीत. वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) या संत्र्याच्या पट्ट्यात डिंक्याने वाळलेली झाडे आणि धुऱ्यावरची बाभूळ, कडुनिंब तोडायला हे यंत्र कामी येते. कपाशीवर फवारणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचे इंजिनही टू-स्ट्रोक असेल, तर धुराची ही लक्षणे त्यालाही लागू पडतात.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा वेगळा साठा नसतो. पेट्रोलात मिसळलेले टू-टी ऑइलच पिस्टन आणि बेअरिंगना वंगण देते व शेवटी जळते. त्यामुळे सुरुवातीचा पुसट निळसर धूर हा बिघाड नव्हे. बजाजची जुनी चेतक स्कूटरही अशाच मिश्रणावर चालायची.

धूर पाहण्याआधी तो कुठून येतो ते पाहावे. साखळी फिरते त्या पट्टीजवळून येत असेल आणि जळक्या लाकडाचा वास असेल, तर इंजिनाला दोष नाही. साखळी बोथट झालेली असते किंवा पट्टीला तेल पोचत नसते. धारदार साखळी लाकडाचे कीस काढते, बोथट साखळी पिठासारखा भुसा पाडते.

सायलेन्सरमधून दाट निळा-पांढरा धूर सतत येत असेल, तर बहुधा ऑइल जास्त पडलेले असते. ५०:१ मिश्रणाला एक लिटर पेट्रोलात २० मिलि, २५:१ ला ४० मिलि ऑइल लागते. कोणते घ्यायचे ते यंत्राच्या पुस्तिकेवरून ठरवावे, बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नये. फोर-स्ट्रोकचे ऑइल घातले किंवा साखळीचे तेल चुकून पेट्रोलच्या टाकीत गेले, तरी असाच धूर होतो. दोन्ही टाक्यांची झाकणे एकाच अंगाला असल्याने घाईत हा घोटाळा होतो. अशा वेळी टाकी रिकामी करून ताजे मिश्रण भरावे आणि ओला, काळा पडलेला प्लग पुसावा.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावण्याआधी चोक उघडला आहे का आणि एअर फिल्टर भुशाने बुजला आहे का, एवढे बघितले तरी पुष्कळदा काम भागते. पांढरी वाफ गार इंजिनात क्षणभर दिसते. ती टिकून राहिली, तर इंधनात पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. पेट्रोलातले इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून पावसाळाभर कॅनमध्ये राहिलेले मिश्रण वापरू नये.

सर्वांत घातक लक्षण मात्र धुराचे नाहीच. धूर अजिबात नाही, आवाज चढा आणि किरकिरा, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही: अशा वेळी यंत्र ताबडतोब बंद करावे. ऑइल घालायचे राहून गेलेले असते, किंवा फाटलेल्या सीलमधून जादा हवा आत जात असते. वैदर्भीय उन्हाळ्यात, ४५ अंशांच्या आसपास, हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाला ती चूक पचत नाही. ऑइल जास्त झाले तर प्लग खराब होतो, कमी पडले तर पिस्टन जाम होतो. दुरुस्तीच्या खर्चात मोठा फरक पडतो. खात्री करायची तर इंजिन गार झाल्यावर सायलेन्सर काढून त्यामागच्या छिद्रातून पिस्टन पाहावा. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर नुसत्या नव्या मिश्रणाने काम होणार नाही.