इतर हक्कातली बाई

सातबाऱ्यावर बोजा चढायला एक कागद पुरतो, उतरायला चार लागतात. तलाठीपणात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाचं हे सांगणं आहे. बारामती तालुक्यातलं कोऱ्हाळे बुद्रुक माझं गाव. नोकरी मात्र बाहेरच्या तालुक्यांत झाली. आता लोक उतारा घेऊन ओसरीवर येतात आणि बोट ठेवतात ते बहुधा एकाच रकान्यावर : इतर हक्क. तिथे सोसायटीचं पीककर्ज असतं, बँकेचं गहाण असतं, विहिरीतली पाळी असते. आणि एखाद्या उताऱ्यावर असतो पोटगीचा बोजा आणि त्यापुढे घटस्फोट झालेल्या बायकोचं नाव.

ते नाव तिथे पोचायला फार काळ लागला.

जमिनीच्या कागदाशी आमच्या मुलखाची ओळख जुनी. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली ती इंदापुरात, १८३५-३६ च्या सुमारास. त्या दप्तराला काळजी एकच, सारा कोण भरणार. बाकी कुणाचा काय हक्क, ते सावकाराच्या खतात. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, खतं जाळली. सुपे आज आमच्याच तालुक्यात आहे. बोजा उतरवायची तीही एक रीत! सरकार जागं झालं, १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुढे नीरा डाव्या कालव्याचं पाणी आलं, जिरायत बागायत झाली, जमिनीला मोल आलं. आणि १९०३ च्या कायद्याने हक्कनोंद सुरू झाली, तेव्हा कुठे दुसऱ्याच्या हक्काला कागदावर जागा मिळाली.

बाईची फारकत मात्र या दप्तराबाहेरच व्हायची. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडली, सोडचिठ्ठी दिली, की ती पाट लावायला मोकळी. शंभू रघूच्या खटल्यात, १८७६ मध्ये, मुंबई हायकोर्टाने जातीची अशी मोकळीक मानायला नकार दिला. जमिनीतलं तिला दोन्हीकडे काही नव्हतं. विधवेला निदान अन्नवस्त्र तरी होतं, काडी मोडलेलीला तेही नाही. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ चा, देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २५ ने कोर्टाला पोटगी ठरवून तिचा बोजा नवऱ्याच्या स्थावरावर ठेवता येतो. तो सातबाऱ्यावर का लावून घ्यायचा? कारण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, बोजा ठाऊक नसताना पैसे मोजून जमीन घेणाऱ्याच्या जमिनीवर तो चालत नाही. सातबाऱ्यावर नोंद असली की "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय उरत नाही.

मध्यंतरी एक बागाईतदार आला. उसाला कर्ज उचलायचं, बोजा आडवा. म्हणाला, "भाऊसाहेब, तिचं दुसरं लग्न झालं. आता कसली पोटगी? टाका काढून."

मी म्हटलं, "कोर्टाने चढवलेलं तलाठी कसं उतरवील?" दुसरं लग्न हे हुकूम बदलून मागायला कारण आहे, पण मागायचं कोर्टात. एकरकमी पोटगी होती आणि ती पोचली असेल, तर तसं कोर्टात नोंदवून घ्यायचं, हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल काढायची आणि ती जोडून अर्ज द्यायचा. मग फेरफार धरला जातो, तिला नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतात. आली, तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. तिचा नवा पत्ता घातला नाही, नोटीस जुन्याच घरी गेली, तर हे सगळं उद्या अपिलात फिरू शकतं.

हाताने लिहायच्या दिवसांत आम्ही कमी झालेली नोंद खोडत नव्हतो. तिला कंस करायचा आणि फेरफाराचा नंबर टाकायचा. त्यामुळे कोणाचं काय होतं ते पुढच्याला वाचता यायचं. अलीकडच्या नमुन्यात आडवी रेघ येते.

बाईचं नाव सातबाऱ्यावर यायची दुसरीही एक वाट होती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. ते ज्यांनी केलं त्यांच्या घरी बाई खातेदार झाली. बाकीच्यांपैकी एखाद्याकडे ती सातबाऱ्यावर आली ती मोडलेल्या संसाराचा बोजा म्हणून, आणि लोक त्यालाच ब्याद म्हणतात.

त्या बागाईतदाराला मी शेवटी एवढंच विचारलं, "पैसे पुरते पोचले का?" तो म्हणाला, "थोडे राहिलेत." मग आधी ते पोचव, म्हटलं; तोवर बोजा आहे तिथेच बरा आहे.